मूल घरी शिकतंय, पण लिहीत नाही



मागच्या खेपेस कोकमाचं आगळ वर्षभर कसं टिकवायचं ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांची उत्तरं पुढच्या अंकी. आज सावर्ड्याहून आलेल्या एका भगिनीच्या पत्राला आधी हात घालते, कारण ते पत्र दोन दिवस माझ्या उशाशी होतं आणि त्याने मला झोप काही नीट लागू दिली नाही.

या बाईंची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत जात नाही, घरीच शिकते. त्या लिहितात, ‘मुलगी दिवसभर गोष्टी सांगते. मांजराच्या, राक्षसाच्या, मुंबईहून येणाऱ्या आत्याच्या. ऐकून ऐकून माझे कान किटतात. पण वही पुढे ठेवली की दोन ओळींत हात दुखायला लागतो. मराठी अक्षर म्हणजे कोंबडीने पाय उमटवावेत तसं, आणि इंग्रजी कर्सिव्हचं तर नावच नको. मी रोज एक पान शुद्धलेखन घालते, शेजारी बसते, रागावते. परवा तिने वही पाटाखाली लपवली. माझं काय चुकतंय?’

बाई, वही लपवणारी मुलगी माझ्याही घरात होती. तिची वही पाटाखाली नव्हे, तांदळाच्या डब्यामागे सापडली, आणि चूक तिची नव्हती, माझी होती. ती हकिकत सांगते. पण आधी हात दुखण्याचं बघू, कारण हात दुखतो ही दरवेळी सबब नसते.

मुलगी लिहायला कुठे बसते? बरीच घरं अशी, की मूल मोठ्यांच्या खुर्चीवर बसतं, पाय अधांतरी लोंबकळतात आणि टेबल छातीशी येतं. मग सगळा भार मनगटावर पडतो. पायाखाली एक पाट सरकवा, नाहीतर सरळ जमिनीवर बसवून पुढे उतरतं डेस्क द्या. पूर्वीच्या कारकुनांची डेस्कं उतरती होती ती काही उगाच नव्हेत. पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, खाली मधल्या बोटाचा टेकू, आणि पकड टोकापासून इंचभर वर. वही अगदी सरळ ठेवायची नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची वही वरच्या बाजूने किंचित डावीकडे कललेली हवी, डावखुऱ्याची उजवीकडे. आमचा नातू डावखुरा. त्याचा हात बदलायचा प्रयत्न आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी करून पाहिला. मी तेवढा एक वाद मात्र जिंकला. डाव्या हाताने लिहिणारं मूल पेन्सिल थोडी आणखी वर धरतं, म्हणजे लिहिलेलं हाताखाली पुसत नाही. बाकी काही वेगळं करावं लागत नाही.

आता एक साधी परीक्षा. मुलीने लिहिलेलं पान उलटा आणि मागल्या बाजूवरून बोट फिरवा. अक्षरं बोटाला लागतात का? लागत असतील तर ती फार दाबून लिहिते आहे, आणि मग हात दुखणारच. तिच्या हातचं बॉलपेन काही महिने काढून घ्या. मऊ शिशाची, टूबी खुणेची पेन्सिल द्या, किंवा सरळ पाटी. पाटीला हसू नका. पाटीवरचं पुसता येतं, हे भित्र्या मुलाला फार मोठं सुख असतं.

बोटांत ताकद येण्याची जागा वहीत नाही, स्वैपाकघरात आहे. भिजवलेले कडवे वाल सोलायला बसवा, चिमटीत धरून बिरडी नेमकी बाहेर काढायची. गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडू द्या, फुटले तर फुटले, आपणच खायचे आहेत. ठिपक्यांची रांगोळी काढू द्या. ज्या मुलीला ठिपक्याला ठिपका न हिसकता जोडता येतो, तिला वेलांटी जड जात नाही. हे सगळं महिनाभर करा आणि वहीवरचा वेळ पंधरा मिनिटांवर आणा. खरंच पंधरा मिनिटं. घड्याळ समोर ठेवा, आणि वेळ झाली की ओळ अर्धी राहिली तरी वही मिटा.

अक्षरं कोणत्या क्रमाने? शुद्धलेखनाचं अख्खं पान कशाला घालता, बाई? अक्षर बिघडलंय ते दोन-चार वळणांत बिघडलेलं असतं. आपल्या प्राथमिक शिक्षकांनी ‘अ आ इ’ बाजूला ठेवून ‘ग म भ न’ हा क्रम रूढ केला तो यासाठीच. एका वळणाची अक्षरं एकत्र शिकायची. ‘व’ आला की ‘ब’ आणि ‘क’ त्याच्याच पोटातून निघतात, ‘प’ आला की ‘ष’ आणि ‘फ’ लांब नाहीत, ‘ट’च्या मागून ‘ठ’ आणि ‘ढ’ येतात. कोणत्या कुटुंबाचं वळण चुकतंय ते शोधा आणि तेवढंच चार दिवस गिरवून घ्या. शब्द पुरा झाला की मगच वरची रेघ, एका हाताने, थांबत न थांबत नव्हे.

कर्सिव्हचं म्हणाल तर माझं मत थोडं वेगळं आहे, काहींना पटणार नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होई. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं आणि इवल्या मुलांना दोन लिप्या एकदम लिहाव्या लागल्या. या दोन लिप्यांची रीत उलटी आहे. मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेघेवरून लोंबतात. इंग्रजी अक्षरं फळीवर मांडलेल्या डब्यांसारखी खालच्या रेघेवर टेकतात. हे मुलांना कोणी सांगतच नाही. ती बिचारी इंग्रजी अक्षरंही दोरीवर टांगत बसतात आणि आपण म्हणतो, ओळीत लिहीत नाही. माझ्या नातीला मी दोरी आणि फळी दाखवली, त्या दिवसापासून निम्मं काम झालं.

मराठी हात बसल्याशिवाय कर्सिव्हला लावू नये. नऊ वर्षं हे वय योग्य आहे. चाररेघी वही घ्या आणि इथेही कुटुंबं पाडा. ‘सी, ए, डी, जी, ओ’ ही सगळी एकाच डाव्या गोलाईची लेकरं. ‘आय, यू, टी’ खालून वर चढणारी. ‘एल, ई, एच, के’ यांना फासा. ‘एन, एम’ यांना टेकड्या. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो ‘बी, ओ, व्ही, डब्ल्यू’ या चौघांचा, कारण बाकीची अक्षरं पुढच्याला खालून हात देतात आणि ही चार वरून. यांच्या जोडीला चार दिवस जास्त द्या. मोठ्या अक्षरांची नक्षी आली नाही तरी काही बिघडत नाही, साधी छापील काढली तरी चालतात.

आता ती हकिकत.

माझ्या मुलाने आणि सुनेने मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत जास्त विरोध माझा होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मोबाईलवरचे वर्ग सुरू झाले, तेव्हा ही वेळ सगळ्यांवरच आली होती. पण शाळा पुन्हा उघडल्या तरी पोरं घरीच राहणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. लोक विचारत, ‘पुढे काय?’ मला उत्तर ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे दहावीच्या परीक्षेला बसता येतं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा शाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, त्यामुळे ज्यांना हा मार्ग धरायचा त्यांनी चौकशी करूनच धरावा. आणि हेही लक्षात असू द्या की ती परीक्षाही तीन-तीन तास हाताने लिहायची असते. घरी शिकणाऱ्या मुलाचं तोंडी ज्ञान कितीही असो, हाताला सवय नसेल तर तिथे अडतं.

तसं पाहिलं तर घरी शिकणं आपल्याकडे नवं कुठे आहे? पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवलं ते कुठल्या शाळेत नव्हे. रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या असताना लग्न होऊन आल्या त्या निरक्षर. न्यायमूर्तींनी घरी शिकवलं, घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. तेव्हा दार बंद होतं म्हणून घरी शिकायचं, आता दार उघडं असून. हा फरक मला अजूनही पुरता पचलेला नाही, पण तो वाद आज नको.

तर २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. पहाटेच वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचं घर बाजारपेठेच्या मागल्या अंगाला. खालच्या घरात बघता बघता पुरुषभर पाणी झालं. आम्ही सगळे माडीवर. वीज गेली, फोन गेले, रात्रभर नुसता पाण्याचा आवाज. पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला तो उपसायला किती दिवस लागले ते मोजलं नाही. मुलांच्या वह्या, पुस्तकं, दप्तरं, सगळं एका ढिगात गेलं. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, तिथेही पाणी शिरलं आणि पुस्तकं भिजली. ती बातमी ऐकून आमचे हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

गाळ काढून झाल्यावर आठवड्याभराने नात एक नवी वही घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा ती आठ वर्षांची. न सांगता, आपल्या मनाने तिने पुराबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. मी काय केलं असेल? चष्मा लावला, लाल पेन घेतलं, आणि सतरा ठिकाणी गोल केले. ‘पाणि’, ‘नदि’, ‘आजि’, ‘भिति’. शेजारी बरोबर शब्द लिहिले आणि म्हटलं, ‘हे प्रत्येकी पाच वेळा लिहून आण.’

ती काही बोलली नाही. पाच-पाच वेळा लिहून आणलं. त्यानंतर कित्येक आठवडे तिने मनाने एक ओळ लिहिली नाही. घातलेलं शुद्धलेखन लिही, कित्ता गिरवी, अक्षरही सुधारलं. मी सुनेला सांगे, बघ, शिस्तीने कसं वळण लागतं ते.

दिवाळीच्या आधी डबे घासायला काढले, तेव्हा तांदळाच्या डब्यामागे ती वही मिळाली. मी उभ्या उभ्या ते पान वाचलं. खरं म्हणजे पहिल्यांदाच वाचलं. सहावी की सातवी ओळ होती, ‘आजि रात्री रडलि. तीला वाटलं मी झोपले.’ त्या ओळीत माझे तीन लाल गोल होते.

मी तिथेच डब्यांच्या पसाऱ्यात बसले. त्या रात्री मी रडले होते हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीने ते पाहिलं, मनात ठेवलं, आठवड्याने धीर करून मलाच लिहून दाखवलं, आणि मी तिला वेलांटी शिकवली.

बाई, शुद्धलेखन नको असं मी म्हणत नाही. पुढचं ऐका. त्या दुपारी मी सतरा गोल पुन्हा मोजले, तर त्यांतले अकरा एकाच प्रकारचे. मराठी शब्दाच्या शेवटी इकार किंवा उकार आला की तो दीर्घ, ‘आणि’, ‘परंतु’ असे मोजके शब्द सोडून. पाणी, नदी, आजी, भीती, रडली. पोरीने सतरा चुका केल्याच नव्हत्या. अकरा ठिकाणी एकच चूक होती, आणि ती दोन मिनिटांत समजावता आली असती, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वहीत.

हे मी तिला जाऊन बोलले का? नाही. लाज वाटली. मी एक चिठ्ठी लिहिली. ‘त्या रात्री मला तुझ्या आजोबांच्या पुस्तकांची काळजी वाटत होती. आणि पाण्याची भीती वाटत होती. तू जागी होतीस हे मला माहीत नव्हतं.’ बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ती ठेवली आणि डबा तिच्या उशाशी. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात एक चित्र आलं, माडी, खाली पाणी, वर पाच डोकी. मी चित्राखाली विचारलं, ‘यांतली मी कोणती?’ उत्तर आलं, ‘अंबाडेवालि.’ वेलांटी पुन्हा पहिलीच! मी लाल पेनाला हात लावला नाही. उलट चिठ्ठी लिहिली, ‘अंबाडेवाली आजी तुझ्यावर खूश आहे.’ पुढल्या आठवड्यात तिची वेलांटी आपसूक दीर्घ झाली. सगळे शब्द असे सुधारतात असं नाही, पण बरेच सुधारतात. आपण बरोबर लिहिलेला शब्द तिच्या डोळ्यांखालून जातो, आणि अपमान होत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन वह्या आहेत. कच्ची आणि पक्की. कच्चीत मूल काय वाटेल ते लिहितं, तिथे दुसऱ्या कोणाच्या पेन्सिलीला मज्जाव. मी वाचते ती फक्त तिने वाच म्हटलं तर, आणि वाचून एकच करते, विचारते, ‘मग?’ आठवड्यातून एकदा तिने स्वतः निवडलेला मजकूर पक्कीत उतरायचा, नीट अक्षरात, आणि तेव्हा एका वेळी एकाच प्रकारची चूक सुधारायची. या आठवड्यात वेलांट्या, तर या आठवड्यात अनुस्वाराकडे डोळेझाक.

तुमच्या मुलीला तर गोष्टी सुचताहेत, नुसता हात मागे पडतोय. तिथे तुम्ही तिचा हात व्हा. ती सांगेल, तुम्ही तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘मग आत्या धपकन पडली’ असं ती म्हणाली तर धपकनच लिहायचं, ‘खाली कोसळली’ नव्हे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी सोपानदेवांनी उतरून ठेवली म्हणून त्यांच्या मागे, १९५२ साली, छापून निघाली. दुसऱ्याने लिहून घेतलं म्हणून ती काही सोपानदेवांची झाली नाहीत. लिहून झालं की त्याच मजकुरातल्या चार ओळी तिला कित्ता म्हणून द्या. स्वतःच्या राक्षसाच्या ओळी गिरवायला मूल कंटाळत नाही, करून बघा.

विषय देताना ‘माझा आवडता प्राणी’ नको. निबंधाच्या पुस्तकांतून तो वाचून वाचून गाईलाही कंटाळा आला असेल. आज घरात काय हरवलं आणि कुठे सापडलं, मासेवालीने किती सांगितले आणि आईने किती दिले, एसटीत खिडकीची जागा मिळवायला कोण कोणाला काय म्हणालं, हे लिहू द्या. आमच्या नातवाने परवा फणस फोडण्याची कृती लिहिली, तेल हाताला लावायचं सोडून सगळं त्यात होतं. त्याला तसंच फोडायला लावलं. दोन तास हात चिकट. दुसऱ्या मसुद्यात तेल पहिल्या ओळीत आलं.

सुंदर अक्षराचा फार बाऊ करू नका, असंही जाता जाता सांगते. जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन आमच्या गावी भरलं होतं, तेव्हा हौसेने लेखकांच्या सह्या घेतल्या. निम्म्यांची नावं अजून लागत नाहीत.

एक गंमत सांगायची राहिली. ह्यांच्या आजोबांची मोडीतली एक हिशेबाची वही माडीवरच्या पेटीत होती म्हणून पुरातून वाचली. ह्यांना थोडी मोडी वाचता येते. पूर्वी आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जात, म्हणजे आपलं मराठी कर्सिव्हच म्हणा ना. नात ते बघत बसली. ह्यांनी सांगितलं की मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद सहसा पाळत नाहीत, वेलांटी एकच. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आजी, मग खापरपणजोबांच्या वहीला तू किती गोल केले असतेस?’

सावर्ड्याच्या भगिनींना एवढंच, की लपवलेली वही परत मागू नका. नवी आणा, आणि पहिल्या पानावर आधी तुम्ही तिला काहीतरी लिहा, खरं असेल असं.

पुढच्या अंकी कोकम आगळाची उत्तरं, आणि पावसाळ्यात वह्या-पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, याबद्दल गुहागरहून आलेल्या पत्राला उत्तर.